कावळा आणि फांदी

आमच्या घरी दिवाळीचे अनारसे आजी करीत असे. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते पंचावर पसरून निथळायचे, कुटायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचे. एवढे सोपस्कार होऊनही एखाद्या वर्षी पहिलाच अनारसा तुपात पडला की हसायचा. अनारसा हसला म्हणजे करणारीवर रडायची पाळी; जाळीदार चकतीऐवजी कढईत नुसता चुरा. अशा वेळी स्वयंपाकघरातल्या साऱ्या नजरा दाराकडे वळत. त्या घटकेला जे कुणी आत आले असेल ते अपराधी! एका वर्षी ती पाळी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या माझ्या काकूवर आली. ती बिचारी पाण्याचा तांब्या न्यायला आली होती. आत्या म्हणाली, "हिचा पाय आत पडला नि अनारसा हसला!"

आजीने काकूकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पिठाची गोळी चिमटीत धरली, बोटावर दाबून पाहिली आणि म्हणाली, "गूळ जास्त झालाय. तांदळाची मूठभर पिठी आणा." पुढचे अनारसे हसले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवाळ्या अनारशांची कढई चढली, की काकू अंगणात रांगोळीचे ठिपके मोजीत बसायची.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. म्हण साऱ्यांना पाठ आहे. पण म्हण पाठ असणे वेगळे आणि फांदी तुटते त्या क्षणी कावळ्याला दगड न मारणे वेगळे. हे मी अधिकाराने सांगतो. कारण २०२५ च्या २६ जानेवारीला मी असा एक दगड मारला आहे.

माझा व्यवसाय शिक्षकाचा. शिक्षण म्हणाल तर दहावी. आमच्या वडिलांच्या भाषेत मी मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि तालुक्याच्या गावी एका शाळेत मुलांना इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी तयार करू लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्र आणि मी यांचा संबंध सायकलच्या पंक्चरपलीकडे कधी गेला नव्हता. पण शाळेला पन्नास वर्षे झाली आणि एका माजी विद्यार्थ्याने शाळेला ड्रोन भेट दिला. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे पाव किलोला एक ग्रॅम कमी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र सर्वांत लहान वर्गात मोडते आणि ते उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "चित्रातलं तुम्हांला कळतं, फोटो तुम्हीच काढा." अशा रीतीने मी वैमानिक झालो.

बेत असा ठरला : झेंडावंदन झाल्यावर मैदानावर फक्कीने मोठा ५० चा आकडा आखायचा, त्यावर सारी शाळा उभी करायची आणि वरून चित्र घ्यायचे. आकडा मी आखला. मुले उभी राहिली. ड्रोन वर गेला, तीस मीटरांवर थांबला, दोनतीन चित्रे मिळाली. माझ्या शेजारी नववीतला एक मुलगा उभा होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही; त्या दिवशी ते पुरेसे घेतले गेले आहे. वडील मोटारी रिवाइंडिंग करतात, त्यामुळे पोराचे हात यंत्राला सरावलेले. आठवडाभर तो माझ्यामागे लागला होता, "सर, एकदाच धरू द्या." मुलांच्या हाती यंत्र देऊ नये अशी मुख्याध्यापकांची ताकीद होती. पण प्रसंग आनंदाचा होता, चित्रे मिळाली होती. मी रिमोट त्याच्या हातात दिला.

पाच-सहा सेकंद गेले असतील. वरून फडफड ऐकू आली, ड्रोन एका अंगाला कलला आणि गिरक्या घेत खाली आला. पाचवीच्या मुलींच्या रांगेपासून दहा पावलांवर तो आपटला. कुणाला लागले नाही. पण माझ्या पोटात गोळा उठला होता आणि भीतीला बाहेर पडायला वाट हवी होती. साऱ्या शाळेसमोर मी त्या मुलावर ओरडलो, "काय दाबलंस? तरी सांगत होतो, हात लावू नको!"

असे मी कधीच सांगितले नव्हते. रिमोट मीच दिला होता. पण आवाज मोठा असला की वाक्य खरे वाटते, बोलणाऱ्यालासुद्धा.

"मी काही नाही केलं, सर," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून चित्रकलेच्या जादा तासाला यायचा तो बंद झाला. चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. हाताला तांब्याच्या तारेचा वास, शर्टावर वॉर्निशचे डाग. म्हणाले, "सर, किती भरायचं? दोन-तीन हप्त्यांत देतो." मी म्हणालो, "बघू." त्या एका 'बघू'ची मला आजही लाज वाटते.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला अशाच यंत्रांची दुरुस्ती करतो. त्याला निरोप पाठवला, तेव्हा माझ्या मनात दुरुस्तीचा खर्च होता, सत्यशोधन नव्हे. रविवारी तो आला. मी लगेच सांगू लागलो, "अरे, एका पोरानं हातात घेतला आणि..." त्याने मला थांबवले. "सर, कुणी काय केलं ते नंतर. आधी काय झालं ते बघू." आणि त्याने संगणक उघडला.

तेव्हा मला कळले की हे यंत्र आपली रोजनिशी लिहीत असते. सेकंदाला दहादहा वेळा त्यात नोंद पडते : उंची किती, यंत्र कुठल्या अंगाला किती कलले, बॅटरीचा दाब किती, रिमोटच्या दांड्या कुठे होत्या, कुठल्या मोटरीला किती फिरण्याचा हुकूम गेला. या रोजनिशीला आजोबा आहे. डेव्हिड वॉरन नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाचे वडील १९३४ साली विमान अपघातात वारले होते. पुढे १९५० नंतरच्या दशकात, पडलेल्या विमानांच्या चौकशीत भाग घेताना, वैमानिकांचे शेवटचे बोलणे आणि यंत्रांची मापे जपून ठेवणारी पेटी त्याने सुचवली व बनवली. तिलाच आपण काळी पेटी म्हणतो. रंग मात्र चटकन सापडावी म्हणून नारिंगी असतो. मेलेल्या माणसाला साक्ष देता यावी, एवढीच त्या पेटीची करामत. आमच्या ड्रोनने साक्ष दिली ती एका जिवंत, पण गप्प झालेल्या मुलाच्या बाजूने.

माझ्या विद्यार्थ्याने एकेक संशयित पुढे घेतला आणि सोडून दिला. पहिली बॅटरी. तिचा पूर्ण भरलेला प्रत्येक घट ४.२ व्होल्टचा असतो. आमच्या नोंदीत तो दाब शेवटपर्यंत ३.८ च्या आसपास होता. शिवाय वीज हवेतच गेली असती तर रोजनिशीही हवेतच थांबली असती. ती जमिनीला टेकेपर्यंत चालू होती. म्हणजे बॅटरी निर्दोष. दुसरा होकायंत्राचा घोटाळा. जवळ लोखंड असले की तो होतो. पण मग यंत्र भरकटते, घिरट्या घालीत दूर जाते, असे एकाएकी कोलमडत नाही. तोही सुटला.

"आता हात," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक, दांडीने काय सांगितले त्याची; दुसरी, यंत्राने काय केले त्याची. रिमोट मुलाच्या हाती गेल्यापासून सहा सेकंद दोन्ही दांड्या मधोमध, अगदी स्थिर. त्याने खरोखरच काही केले नव्हते. नुसते धरले होते. मग यंत्र डाव्या बाजूला पुढे कलले. त्या कोपऱ्यातल्या मोटरीला पूर्ण जोराने फिरण्याचा हुकूम गेलेला दिसत होता, तरी तो कोपरा खालीच जात होता. विद्यार्थी म्हणाला, "चौघांनी उचललेली पालखी समजा, सर. एक भोई पडला की उरलेल्या तिघांना ती तोलता येत नाही. विमानाला पंख असतात. इंजिन थांबलं तरी ते काही अंतर तरंगत जातं. याला पंखच नाहीत. चार पंखे हेच याचे पाय."

मी विचारले, "पण त्यानं दांडी हलवलेली दिसतेय ना इथं?" अजूनही मी कावळाच शोधत होतो.

"दिसतेय. पण कधी, ते बघा." कलल्यानंतर अर्ध्या सेकंदाने डावी दांडी पूर्ण वर ढकलली होती, यंत्र उचलण्यासाठी. आणि उजवी दांडी पूर्ण आडवी, मैदानाच्या मोकळ्या बाजूला. मुलींच्या रांगेपासून दूर. यंत्राने ऐकले नाही, ऐकणे शक्यच नव्हते. तीस मीटरांवरून पडायला लागले ते तीनेक सेकंद. त्या तीन सेकंदांत एका चौदा वर्षांच्या मुलाने जे करायला हवे ते सारे केले होते आणि चौथ्या सेकंदाला त्याच्या शिक्षकाने विचारले होते, "काय दाबलंस?"

मग आम्ही पाती शोधली. त्या कोपऱ्यातल्या दोन पात्यांपैकी एक मुळाशी मोडलेले होते आणि तुकडा कुठेच नव्हता. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारले. त्यांना तो कडुनिंबाखाली, यंत्र पडले तिथून चाळीस पावलांवर सापडला होता. पोरांचे खेळणे समजून त्यांनी तो खिडकीत ठेवला होता. चाळीस पावले दूर! म्हणजे ते पाते पडल्याने मोडले नव्हते. मोडल्याने यंत्र पडले होते. विद्यार्थ्याने भिंग काढले. मोडलेल्या तोंडाचा कडेकडचा भाग मळकट, धूळ मुरलेला. उरलेला स्वच्छ आणि पांढुरका. "ही चीर जुनी आहे, सर. आधी कुठं घासलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

खोटे बोलायचे म्हणून बोललो नव्हतो. तोंडातून ते आपोआप निघून गेले, जसे त्या दिवशी 'काय दाबलंस' निघाले होते. रात्री मात्र झोप येईना. २३ तारखेची संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. मुले घरी गेल्यावर मी एकटाच सराव करीत होतो. ड्रोन बोगनवेलीत शिरला, खडखडला आणि ओट्यावर पडला. मी इकडेतिकडे पाहिले, कुणी नव्हते. रुमालाने पुसला, पात्यांवरून वरवर नजर फिरवली आणि डब्यात ठेवून दिला. त्याच डब्यात, प्लास्टिकच्या पुडीत, सुटी पाती होती. मार बसल्यावर पाती तपासून बदलावीत, असे सांगणारी बारीक अक्षरांची पुस्तिकाही तिथेच होती. मी ती उघडली नव्हती.

सकाळी पुण्याला फोन करून सगळे सांगितले. तो रागावला नाही, हळहळलाही नाही. फक्त म्हणाला, "मग आता कळलं. यापुढं पाती बघायची." मला ते पचेना. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझ्या पुस्तकात वाडा जळाला तर कुणीतरी जाळलेला असतो. आता अपराधी सापडला होता, आणि तो मीच होतो, तर निदान त्याने मला चार शब्द सुनवावेत! ते ओळखून असेल, त्याने मला एक जुनी हकीकत वाचायला सांगितली.

कॉमेट हे प्रवाशांना नेणारे जगातले पहिले जेट विमान. ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमच्या धावपट्टीवर एक कॉमेट वर उठलेच नाही. ठपका वैमानिकावर आला : त्याने नाक प्रमाणाबाहेर उचलले. मार्च १९५३ मध्ये कराचीला तसेच घडले. अकरा माणसे गेली. पुन्हा वैमानिकाचीच चूक ठरली. पुढे मात्र त्या विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला. हात तर चुकले होतेच. पण ती चूक प्राणघातक ठरावी अशी काही सोय पंखातही होती. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा इंग्लंडमध्ये फार्नबरोला विमानाचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्यावर पुन्हापुन्हा दाब दिला आणि काढला. शेवटी तो चिरला. पत्र्यात कापलेल्या चौकटीच्या कोपऱ्याशी धातू थकून चीर धरीत होता. आज जगभर विमान अपघाताच्या चौकशीचे मान्य तत्त्व असे आहे, की अपघात पुन्हा होऊ नये एवढाच तिचा हेतू. दोष कुणाच्या माथी मारायचा, हे तिचे काम नव्हे.

वाचून मला आजी आठवली. फार्नबरोची टाकी तिने पाहिली नव्हती. पण अनारसा हसल्यावर दाराकडे न पाहता पिठाकडे पाहायचे, हे तिला ठाऊक होते.

आमच्याकडे हे ज्ञान नव्याने यायला हवे होते असेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शास्त्री मंडळी त्याचा अर्थ आत्म्याच्या अकर्तेपणाकडे नेतील, आणि ते बरोबरच आहे. मला आमच्या मैदानापुरता अर्थ घेऊ द्या. अधिष्ठान म्हणजे ती जागा; मुलांच्या डोक्यांवरूनच उडवायचे, हे आम्ही मोठ्यांनी ठरवले होते. कर्ता रिमोट धरणारा. करण म्हणजे चिरलेले पाते. चेष्टा कितीतरी : माझा सराव, माझा रुमाल, न उघडलेली पुस्तिका. आणि दैव हे, की दोन मिनिटे माझ्या हाती तग धरलेले पाते नेमके त्या सहा सेकंदांनंतर सुटले. या पाचांतला एकटा कर्ता उचलायचा, आणि तोही शेवटी ज्याच्या हातात दांडी होती तो, हा सोपा हिशेब मी केला होता. जो शेवटी हात लावतो तो सहसा घरातला धाकटा, नवा किंवा गरीब असतो, हेही त्या हिशेबाच्या पथ्यावर पडते. मुख्याध्यापकांच्या हाती रिमोट असता तर मी "काय दाबलंत?" असे विचारले असते का?

पण मग इथे एक अडचण उभी राहते आणि ती मला बरेच दिवस छळत होती. कारणे जर पाच, आणि पाचांच्या मागे पुन्हा पाच, तर कुणीच जबाबदार नाही की काय? बोगनवेल कुणी लावली, पुस्तिका एवढ्या बारीक टाइपात का छापली, असे म्हणत मीही अलगद सुटू शकलो असतो. तसे सुटावेसे वाटलेही, हे कबूल करतो.

विचार करता करता मी एवढ्यापर्यंत आलो आहे. कारण शोधणे आणि आपला वाटा उचलणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही करावी लागतात. दुसऱ्याकडे पाहताना आधी विचारावे, काय झाले? स्वतःकडे पाहताना विचारावे, यात माझे काय होते? आपण नेमके उलटे करतो. दुसऱ्याच्या बाबतीत दोष शोधतो आणि स्वतःच्या बाबतीत कारणे. माझ्याकडून पाते चिरले, तो अपघात होता. मी ते लपवले, ती चूक होती. आणि लपवलेल्या गोष्टीचा भार मी एका मुलाच्या मानेवर ठेवला, याला मात्र कुठलेही करण नाही, कुठलेही दैव नाही. तिथे कर्ता एकटाच होता.

आधी मी रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. मुलाचे वडील मोटरीत तार भरीत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे पोराचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या दिवशी मी त्याला मारलं, सर."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, साऱ्या शाळेसमोर, ज्या आवाजात ओरडलो होतो त्याच आवाजात मी सांगितले, की पाते आधीच चिरले होते, ते माझ्या हातून चिरले होते, आणि मी ते कुणाला सांगितले नव्हते. त्या मुलाने शेवटच्या तीन सेकंदांत काय केले तेही सांगितले. पाचवीच्या मुली वळून त्याच्याकडे पाहू लागल्या आणि त्याने मान खाली घातली. मोठी माणसे चुका कबूल करतात तेव्हाही संकोच मुलांनाच वाटतो.

मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. मला वाटले, काही बोलेल, रागावेल. त्याने विचारले, "ती चीर नखाला लागली असती का, सर?" मी तुकडा काढून दिला. मोडीच्या शेजारी एक बारीक केसासारखी चीर अजून शिल्लक होती. डोळ्याला ती जेमतेम दिसत होती. त्याने नख फिरवले आणि नख अडकले. "लागतीय," तो म्हणाला आणि प्रथमच माझ्याकडे पाहून हसला.

डब्यावर आता त्याच्या अक्षरातली यादी चिकटवलेली आहे. पहिली ओळ : प्रत्येक पात्यावरून नख फिरवणे. २०२५ च्या १५ ऑगस्टला आम्ही राहिलेले चित्र पुन्हा घेतले. या वेळी ड्रोन मैदानाच्या कडेला, मुलांपासून दूर उभा ठेवला. ५० चा आकडा त्यामुळे थोडा तिरपा आला आहे. चित्राच्या एका कोपऱ्यात एक मुलगा दिसतो, मान वर, दोन्ही अंगठे दांड्यांवर. शेजारी मी आहे; माझे हात मोकळे आहेत.

यंदा काकूला दिवाळीला आमच्याकडे बोलावले आहे. अनारशाचे पीठ मुरत पडले आहे. तळायच्या वेळी मी तिला चुलीशेजारी पाटावर बसवणार आहे. अनारसा हसला तर हसला. घरात तांदळाची पिठी भरपूर आहे.